पुढे न सरकणारी यादी

मु. मधली खार, पो. जोहे, ता. पेण
१८ फेब्रुवारी १९९७

सौ. दिपिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईंचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. "वहिनी, रात्री झोप लागते का" असं उघड्या कार्डावर लिहीत जाऊ नकोस. पोस्टमन वाचतो आणि वाटेत चौकशी करतो.

काम आहे म्हणून लिहिते. तुझ्या भावाने समितीच्या कॉम्प्युटरवर पाळ्यांची यादी काढायचा प्रोग्राम केला होता, हे तुला माहीत आहे. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीच्या बांधावर कोणत्या घराने राखणीला जायचं, त्याची यादी. एक्केचाळीस घरं, आळीपाळीने. तो कॉम्प्युटर खाऱ्या हवेने गेला. अध्यक्ष गोविंदाकाकांनी कुठल्याशा कंपनीतून दुसरा जुना आणला. ह्यांचा प्रोग्राम बेसिकमध्ये होता. या नव्या जुन्यात बेसिक नाही, सी आहे.

समितीने असं ठरवलं आहे की मृगाच्या आत मी ही यादी काढून दाखवली तर ह्यांची कारकुनाची जागा मला. नाही जमलं तर गोविंदाकाकांचा पुतण्या आहेच, पनवेलला टायपिंग शिकून आलेला. मला ही जागा हवी आहे. घरात बसून भिंतीकडे बघायची सवय लागायला लागली आहे. याहून जास्त लिहीत नाही.

ह्यांच्या वहीत बेसिकचा प्रोग्राम आहे आणि सीचं एक पुस्तक आहे, निम्मं वाचलेलं. मी एकेक ओळ घेऊन इकडची तिकडे करते आहे. वहीतला अर्थ असा: आय म्हणजे एक. आय नंबरचं घर छाप. नेक्स्ट आय. असं एक्केचाळीसपर्यंत. पुस्तकात मला व्हाइल सापडलं, छापायचं सापडलं, पण नेक्स्ट कुठेच नाही. मागच्या सूचीतही नाही. तू रोह्याला क्लासला जातेस. नेक्स्टला सीमध्ये काय म्हणतात?

फोनवर विचारलं असतं, पण एसटीडी बूथ गोविंदाकाकांच्या ओट्यावर आहे.

तुझी वहिनी
अनिता


वरसे, रोहा
२४ फेब्रुवारी

ती. अनितावहिनीस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दादाची वही अजून उघडी आहे हे कळून बरं वाटलं.

आधी खरं सांगते. क्लासमध्ये आम्ही सतरा जण आणि कॉम्प्युटर दोन. त्यामुळे मी सी शिकते म्हणजे पुढच्या मुलाच्या खांद्यावरून बघते. अमोल म्हणतो, "फी भरून लोकांच्या पाठी बघायला जातेस." तरी जेवढं येतं तेवढं सांगते.

सीमध्ये नेक्स्ट नाही. तो शब्दच नाही. तिथे महिरपी कंस असतो. कंस बंद झाला की मशीन आपलं आपण वर जातं आणि पुन्हा सुरुवात करतं. तेव्हा नेक्स्टची ओळ सरळ सोडून दे. आणि आय आधी शून्य करून घे. आमचे सर सांगतात, सीमध्ये काहीही वापरायच्या आधी शून्य करायचं, नाहीतर आत कचरा असतो.

पुतण्याचं काय घेऊन बसलीस! त्याला मी ओळखते. दहावीला दोन वेळा बसला. तू कर. आई काय म्हणते? तिला सांग, अमोलची शिफ्ट बदलली की येऊन जाईन.

तुझी
दिपिका


मधली खार
९ मार्च

सौ. दिपिका हिस,
आशीर्वाद.

काल यादी काढली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गोविंदाकाकांनी दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना बोलावलं होतं. समितीच्या खोलीत मावतील तेवढे आत, बाकीचे खिडकीत. आईंना पुढे बसवलं होतं. मी प्रोग्राम सुरू केला. प्रिंटरने पहिलं नाव छापलं. आपलं घर यादीत पहिलं आहे. पहिली पाळी सगळ्यांत वाईट, म्हणून ह्यांनीच स्वतःला तिथे घातलं होतं, कोणाला बोलायला जागा राहू नये म्हणून. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या घराचं म्हणजे विठूचं नाव यायला हवं होतं. दुसऱ्या ओळीतही ह्यांचंच नाव आलं. तिसऱ्याही. पान संपलं, दुसरं पान सुरू झालं, तरी तेच.

मग रघूकाका म्हणाले, "काहीतरी राहिलाय त्याचा."

आई म्हणाल्या, "मला तवाच शंका आली होती. दहाव्याला कावळा लगेच शिवला. माझा पोर असा पटकन मनातला सांगणाऱ्यातला नव्हता."

तुला दहाव्याची रीत माहीत आहे. पिंडाला कावळा शिवेना की एकेकजण पुढे होऊन कबूल करतो, तुझं अमुक करीन, तमुक करीन. तसंच प्रिंटरपुढे सुरू झालं. रघूकाका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "प्रविण, तुझी सायकल माझ्याकडंच हाय. उद्या आणून देतो." प्रिंटर थांबला नाही. मोरू म्हणाला, "माझा कुंपण तुझ्या शेतात दोन हात शिरलाय. मागं घेतो." थांबला नाही. गोविंदाकाका म्हणाले, "समाजमंदिराच्या पाटीवर तुझं नाव घालू." उलट वेग वाढल्यासारखा वाटला. कान्हू कंपनीत कामाला आहे. तो म्हणाला, "मशीनला मराठी येत नाय. इंग्रजीत सांगा." आणि मोठ्याने "प्रॉमिस, प्रॉमिस" म्हणाला. सायकल सहा वर्षं रघूकाकांकडे होती हे मला काल कळलं.

मग आई उठल्या. प्रिंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "बाला, तुझ्या खुर्चीवर मी कोणाला बसू देणार नाय."

आणि लाइट गेली.

लाइट रोजच त्या वेळेला जाते. पण सगळ्यांनी हात जोडले. सव्वीस पानं झाली होती, ती आईंनी घडी करून पदराखाली घेतली. आता ह्यांच्या खुर्चीला झेंडूचा हार घातला आहे आणि मी उभ्याने काम करते. गोविंदाकाका म्हणतात, "बाई, आम्ही शब्द मोडायला सांगणार नाय. पण उभ्या माणसाला कारकून म्हणत नायत. कारकून म्हणजे खुर्चीवर बसतो तो." मृग लागेपर्यंत वाट बघणार आणि मग नवं टेबल, नवी खुर्ची घेऊन पुतण्याला बसवणार. नव्या खुर्चीला आईंचा शब्द लागू नाही म्हणे.

काय चुकलं ते मला कळत नाही. प्रोग्राम पुढच्या पानावर उतरवून दिला आहे.

अनिता


वरसे
१३ मार्च

वहिनी,

आधी हसले, मग रडले, मग अमोलला वाचून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुझ्यामुळे झालं." खरं आहे.

चूक माझी. बेसिकमधला नेक्स्ट दोन कामं करायचा. मशीनला वर न्यायचा आणि आयला एकाने पुढे ढकलायचा. सीमधला कंस फक्त वर नेतो. आयला कोणी ढकलतच नाही. तो बिचारा पहिल्या घरापाशी उभा, मशीन त्याला विचारतंय कितवं घर, तो सांगतोय पहिलं. मी तुला निम्मंच सांगितलं. कंस बंद व्हायच्या आधी एक ओळ घाल: आय बरोबर आय अधिक एक.

आणखी एक. शून्यापासून सुरुवात करायला मी सांगितलं होतं, ते पण बदल. दादाच्या वहीत एकपासून एक्केचाळीस आहे ना? तसंच ठेव, आय बरोबर एक. गावात शून्य नंबरचं घर असतं का कुठे?

आता दुसरं, हे कोणाला सांगू नकोस. असं अडकलं तर कंट्रोल आणि ब्रेक अशा दोन कळा एकदम दाबायच्या, थांबतं. तेव्हा तू असं कर. जुनाच प्रोग्राम पुन्हा लाव. सगळ्यांना बोलव. दादाचं नाव येत राहू दे. कोणीतरी म्हणेलच, "तुझी जागा तुझ्या बायकोला देतो." त्याच क्षणी दोन बोटं. कोणाला कळणार नाही. गोविंदाकाकाही हात जोडतील. आईला तर आनंदच होईल.

पायांना खोबरेल लाव. उभं राहून शिरा फुगतात.

दिपिका


मधली खार
६ एप्रिल

सौ. दिपिका हिस,
आशीर्वाद.

तू सांगितलेलं ते दोन बोटांचं मी करणार नाही. रागावून लिहीत नाही. कारण सांगते.

त्या दिवशी कळा मला माहीत नव्हत्या, पण प्रिंटरचं बटण माझ्या डाव्या हाताखाली होतं. बंद करता आलं असतं. मला दुसऱ्याच पानाला कळलं होतं की चूक प्रोग्राममध्ये आहे. मी बंद केलं नाही. नऊ वर्षांत मी ते नाव लग्नात घास भरवताना एकदा घेतलं, तेवढंच. प्रोग्राममध्ये ते टाइप करायलाही मला वेळ लागला. आणि इथे ते एकामागून एक येत होतं. म्हणून येऊ दिलं. लोक कबूल करत गेले तेव्हाही मी गप्प राहिले. मोरूने कुंपण मागे घेतलं आहे, सायकल परत आली आहे, सीट नाही. प्रोग्राममधल्या चुकीवर हे कबूल करून घ्यायचा मला काही हक्क नव्हता. आता पुन्हा मुद्दाम नको.

तुझी ओळ घातली. एकपासून सुरुवात केली. गेल्या शनिवारी सगळ्यांसमोर चालवला, कागद वाया नको म्हणून पडद्यावरच. या वेळेला नावं भराभर पुढे गेली. पण पहिलंच नाव विठूचं. आपलं घर नाही. वर बघितलं, खाली बघितलं, कुठेच नाही. आणि सगळ्यांत शेवटी, एक्केचाळीसाव्या ओळीत, नाव नाही, फक्त खुणा. एक बदाम, मग एक गोल हसरं तोंड, मग पुन्हा हसरं तोंड.

विठू उठला. "प्रविण गेला म्हणून पहिली पाळी माझ्यावर काय?"

गोविंदाकाका म्हणाले, "ते नंतर बघू. एक्केचाळीसावी कोणाची?"

कान्हू म्हणाला, "हसणाऱ्याची."

"गावात हसणारा कोण हाय?"

यावर बराच वेळ चर्चा झाली. मोरू हसतो पण त्याचं घर आधीच यादीत आहे. शेवटी रघूकाका म्हणाले, त्या पाळीला प्रत्येक घरातून एकेक माणूस पाठवावा, म्हणजे हसणारा त्यात येईलच.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "माझा पोर हाय तो. शेवटी जाऊन बसलाय. जेवायलापण शेवटीच बसायचा." आणि पडद्याला हात लावून हसल्या. दिपिका, डिसेंबरनंतर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

आता त्या रोज दुपारी येतात. मी तो चुकीचा प्रोग्राम चालवते. नावं सरकून शेवटची ओळ आली की त्या खुर्चीशेजारी खाली बसतात आणि त्याला सांगतात, आज मासळीत कोलीम आणला, आज मिरच्या वाळत घातल्या, दिपिकाचं पत्र नाय. मी उभी असते. पंधरा मिनिटांनी म्हणतात, "चल, जाऊ दे त्याला." मी मशीन बंद करते.

चूक कुठे आहे ते कळव. पण कळव की नको, ते मला ठरवता येत नाही. दुरुस्त केली तर ते तोंड जाईल. नाही केली तर आपलं घर यादीत नाही, यादी खोटी, आणि मृगानंतर मला इथे उभंही राहता येणार नाही.

अनिता


कार्ड
वरसे, २ मे

वहिनी, परीक्षेत होते म्हणून उशीर. सरांना विचारलं. ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले. सीमध्ये कप्पे शून्यापासून मोजतात. एक्केचाळीस कप्पे म्हणजे शून्य ते चाळीस. दादा शून्यात आहे, म्हणून एकपासून गेलीस तर तो राहतो. एक्केचाळीस नंबरचा कप्पाच नाही, तिथे मशीनमधलं उरलंसुरलं दिसतं. हसरं तोंड म्हणजे कोणी नाही. आय शून्य कर आणि एक्केचाळीसपेक्षा कमी असेपर्यंतच चालव. दोन्ही वेळेला मीच चुकीचं सांगितलं. आईला तू सांगू नकोस, मी येऊन सांगते. अमोलची शिफ्ट अजून बदलली नाही. पोस्टमनकाका, वाचत असाल तर हे कार्ड आईच्या हातात देऊ नका. — दि.


मधली खार
१४ मे

सौ. दिपिका हिस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. पोस्टमनने माझ्याच हातात दिलं आणि "शून्यापासून का मोजतात" असं विचारलं. मला सांगता आलं नाही.

तुझी वाट बघितली नाही. प्रोग्राम मी चालवत होते, तेव्हा सांगायचंही मीच. दुपारी आई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. पहिल्या वेळेला एक ओळ राहिली होती म्हणून नाव पुन्हा पुन्हा आलं. दुसऱ्या वेळेला मोजणी चुकली म्हणून तोंड आलं. तिथे कोणी नाही.

त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग लाइट कोणी घालवली?"

"पेणच्या वायरमनने. रोज घालवतात."

"म्हंजे मी कबूल केला तो वायरमनला?"

मी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"आणि म्हयनाभर मी कोलमाचा सांगतेय तो कोणाला?"

मी म्हटलं, "मी ऐकत होते."

त्यांनी सूप भिंतीला लावलं आणि आत गेल्या. चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण वाढत होत्या, पण ताट सरकवून द्यायच्या. मला वाटलं, जागाही गेली आणि घरही गेलं.

काल सभा होती. मी एकटी गेले. गोविंदाकाका, पुतण्या, विठू, रघूकाका, सगळे होते. नवी खुर्ची आणून ठेवली होती, प्लॅस्टिकची, निळी. पुतण्या तिच्यावर बसून बघत होता. मी सुरू करणार तेवढ्यात आई आल्या. कोणाकडे न बघता खाली बसल्या.

मी आय शून्य करून प्रोग्राम चालवला, प्रिंटरवर. पहिल्या ओळीत ह्यांचं नाव आलं. एकदा. दुसऱ्या ओळीत विठूचं. मग पुढे. आई प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या, मोजत असाव्यात. एक्केचाळीसावं नाव छापून प्रिंटर थांबला. लाइट होती.

"संपली?" आईंनी विचारलं.

"संपली."

विठूने कागद हातात घेऊन आपलं नाव दुसरं आहे ना ते बघितलं आणि म्हणाला, "बरोबर हाय." रघूकाकांनी सगळ्या घरांची नावं वाचून दाखवली. कोणी राहिलं नव्हतं, कोणी जास्त नव्हतं. हसणाऱ्याची पाळी गेली म्हणून कान्हूला थोडं वाईट वाटलं असं दिसलं.

गोविंदाकाका म्हणाले, "यादी झाली, त्याबद्दल वादच नाय. बाईंनी कष्ट घेतले. पण मावशी, तुम्ही शब्द दिलात. त्या खुर्चीवर कोणी बसायचा नाय. आणि उभा माणूस म्हंजे—"

"कोण उभा हाय?" आई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आई माझ्याकडे वळल्या. चार दिवसांनी पहिल्यांदा. "तू का गो उभी?"

मी म्हटलं, "आई, तुम्हीच म्हणालात ना, खुर्चीवर कोणाला बसू देणार नाही."

"कोणाला म्हंजे ह्यांना." त्यांनी हात खोलीभर फिरवला, अध्यक्षांवरून, पुतण्यावरून, खिडकीतल्यांवरून. "तू काय गाव हायेस? तू माझ्या घरातली."

मी म्हटलं, "दोन महिने उभी आहे मी. तुम्ही रोज बघत होतात."

"मी म्हटला, हिला उभ्यानंच जमत असेल. तो पण कवा कवा उभा राहून टाइप करायचा." मग म्हणाल्या, "तू इचारलास कवा?"

मी खरंच विचारलं नव्हतं. मार्चपासून मी तुला चार पानं लिहिली, पुस्तक दोनदा वाचलं, आणि एका घरात राहून, एका चुलीपाशी बसून हा एक प्रश्न विचारला नाही.

आईंनी खुर्चीवरचा हार काढला. वाळून त्याचा चुरा झाला होता, तो त्यांनी खिडकीतून बाहेर टाकला. पदराने बसायची जागा पुसली. गोविंदाकाका काहीतरी बोलायला लागले, तर रघूकाका त्यांना म्हणाले, "गप रे. तिचा शब्द, तिला माहीत." पुतण्या निळ्या खुर्चीवरून उठला. का उठला ते त्यालाही कळलं नसावं.

मी बसले. खुर्ची मला थोडी उंच आहे, पाय टेकत नाहीत. पण बसले.

रजिस्टरमध्ये कालची तारीख घातली. कारकुनाच्या रकान्यात नाव कोणाचं ते गोविंदाकाकांनी स्वतः लिहिलं, माझं. यादीतलं पहिलं घर कोणाच्या नावावर ठेवायचं असंही त्यांनी विचारलं. मी आईंकडे बघितलं. या वेळेला विचारलं. त्या म्हणाल्या, "पाळी येल तवा आपण दोघी जाऊ. नाव ऱ्हाऊ दे प्रविणचाच."

तू ये. येताना सरांना विचार, शून्यापासून का मोजतात. पोस्टमनला सांगायचं आहे.

तुझी वहिनी
अनिता